विचित्र सिनेमाला एक वार हवा

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरात १९९७ मध्ये ‘अलामो ड्राफ्टहाउस’ नावाचं चित्रपटगृह सुरू झालं. जुन्या पार्किंगच्या इमारतीतला एकच पडदा, खुर्च्यांपुढे अरुंद टेबलं आणि सिनेमा चालू असताना हाताशी बिअर नि जेवण. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, वेटर अंधारात वाकून ती उचलायचा, म्हणजे मागच्याला पडदा दिसत राहायचा. या शतकाच्या सुरुवातीला तिथे दर बुधवारी रात्री उशिरा ‘वियर्ड वेन्सडे’ नावाचा खेळ होऊ लागला. साठ ते ऐंशीच्या दशकांतले, समीक्षकांनी हिंग लावूनही न विचारलेले, वितरकांनी अडगळीत टाकलेले चित्रपट खऱ्याखुऱ्या ३५ मिमी रिळांवरून दाखवले जात. सुरुवातीची बरीच वर्षं प्रवेशाला पैसे नव्हते, खर्च निघायचा तो खाण्यापिण्यातून. लार्स निल्सन हा निवेदक खेळाआधी पडद्यासमोर उभा राहून आजचा सिनेमा कोणी काढला, कसा काढला आणि त्यात काय पाहायचं ते सांगायचा. सिनेमे टिकवण्याच्या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा होते तेव्हा ती संग्रहालयं, अनुदानं आणि महोत्सवांभोवती फिरते. या बुधवारांकडे बघितलं की लक्षात येतं, चर्चेत एक गोष्ट राहूनच जाते. ती म्हणजे गावातली एक खोली, आठवड्यातला ठरलेला वार आणि बोलावणारा एक माणूस. अशा खोल्या महाराष्ट्रात उघडपणे, कायद्याने चालवता आल्या पाहिजेत आणि परमिट रूममध्ये चालणार असल्या तरी त्याला आडकाठी नसावी, असं माझं म्हणणं आहे.

या खोलीने काय घडतं त्याचं एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. अलामोसाठी सिनेमे निवडणाऱ्या झॅक कार्लसनने २००९ मध्ये ईबेवर एक प्रिंट न बघताच ५० डॉलरना विकत घेतली. चित्रपट होता ‘मायामी कनेक्शन’. कोरियातून अमेरिकेत स्थायिक झालेले तायक्वांदोचे गुरू वाय. के. किम यांनी तो ऐंशीच्या दशकात फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात स्वतःची पुंजी ओतून काढला होता, आणि तो सपशेल पडला होता. पाच अनाथ मित्र एका घरात राहतात, विद्यापीठात शिकतात, तायक्वांदो करतात, रॉक बँडमध्ये गातात आणि कोकेनचा धंदा करणाऱ्या, मोटारसायकलवरून फिरणाऱ्या निंजांशी लढतात, अशी त्याची कथा. त्यात एक प्रसंग आहे. या पाचांपैकी जिमला हरवलेल्या वडिलांचा पत्ता लागल्याचं पत्र येतं आणि तो मित्रांच्या घोळक्यात उभा राहून ओरडत, हुंदके देत आनंद व्यक्त करतो. त्या नटाला अभिनयाचं शिक्षण नाही, कॅमेरा कुठे ठेवायचा हे कोणाला नीट कळलेलं नाही, आणि तरीही त्या रडण्यात खोटं काही नाही. शेवटी तलवारींनी रक्ताचा सडा पडल्यावर हिंसा संपल्याशिवाय जगात शांतता नाही असा संदेश पडद्यावर येतो, तोही मनापासून. ऑस्टिनच्या प्रेक्षकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला. अलामोच्या लोकांनी किम यांना फोन केला तेव्हा त्यांना कोणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं. २०१२ मध्ये चित्रपट रीतसर पुन्हा प्रदर्शित झाला. घरी एकट्याने पाहणाऱ्याने हा सिनेमा दहाव्या मिनिटाला बंद केला असता. खोलीत बसलेल्या माणसांनी तो बंद केला नाही. शेजारचा बसलेला असतो, समोर ताट असतं, सिनेमात पुढे काय आहे याची उत्सुकता निवेदकाने आधीच लावून दिलेली असते. विचित्र सिनेमा आपली रीत शिकवायला अर्धा-पाऊण तास घेतो. तेवढा वेळ माणसाला जागेवर धरून ठेवणं, एवढंच त्या खोलीचं काम असतं.

ठरलेली वेळ आणि जागा काढून घेतली तर तोच सिनेमा कसा कोसळतो, याचा पुरावा न्यूयॉर्कमध्ये आहे. आलेहांद्रो होदोरोव्स्की यांचा ‘एल तोपो’ हा चित्रपट डिसेंबर १९७० पासून तिथल्या एल्गिन चित्रपटगृहात मध्यरात्री लागू लागला. चित्रपटगृह चालवणारे बेन बॅरनहोल्ट्झ यांनी जाहिरातीवर फारसा खर्च केला नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि खेळ महिनोन् महिने भरत राहिले. जॉन लेनन या चित्रपटाच्या प्रेमात पडला आणि बीटल्सचा व्यवस्थापक राहिलेल्या ॲलन क्लाइन याने हक्क विकत घेतले. क्लाइनने ‘एल तोपो’ मध्यरात्रीतून उचलून ब्रॉडवेवर नेहमीच्या वेळी लावला आणि तो चालला नाही. शहर तेच, रिळं तीच, वर्षही जवळजवळ तेच. बदलली ती फक्त वेळ आणि जागा. पुढे क्लाइन आणि होदोरोव्स्की यांचं बिनसलं आणि तीसेक वर्षं हा सिनेमा अधिकृतपणे बघायलाच मिळाला नाही. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ची कथा याच्या उलटी आहे. १९७५ मध्ये पडलेला हा सिनेमा १ एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहात मध्यरात्री लागला. तेच तेच प्रेक्षक दर आठवड्याला येऊ लागले, पडद्यावरच्या पात्रांना उत्तरं देऊ लागले, पडद्यावर पाऊस पडला की डोक्यावर वर्तमानपत्र धरू लागले. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके त्या रात्रीच्या प्रेक्षकांकडे बघून भर घालायचे आणि तेच नाटक लोक पुन्हा पुन्हा पाहायला जायचे. प्रेक्षकाने खेळात आपला वाटा उचलणं ही आपल्या मातीतली गोष्ट आहे, फक्त सिनेमापुढे बसल्यावर आपण ती विसरलो.

आता पैशाचा हिशेब. नव्या चित्रपटाच्या तिकिटाचा मोठा वाटा वितरकाकडे जातो, चित्रपटगृह जगतं ते खाण्यापिण्यावर. जुन्या, अनोळखी चित्रपटाची आठवड्याच्या मधल्या दिवशी दोनचारशे तिकिटं खपवणं कोणालाच परवडत नाही, म्हणून मल्टिप्लेक्स त्याच्या वाटेला जात नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. बारचं गणित वेगळं असतं. सोमवार ते बुधवार टेबलं रिकामी असतातच. वीज चालू, आचारी आणि वेटर पगारावर. अशा रात्री तीस माणसं आली आणि प्रत्येकाने थोडंफार खाल्लं-प्यायलं तरी मालकाला ते वरकड आहे. सिनेमा पडला म्हणून त्याचं काही बुडत नाही. म्हणूनच तो धाडस करू शकतो, आणि धाडस केल्याशिवाय ‘मायामी कनेक्शन’सारखा सिनेमा सापडत नाही. ऑस्टिनच्या त्या बुधवारांतून जमलेल्या रिळांच्या आणि माणसांच्या बळावर २००९ मध्ये ‘अमेरिकन जॉनर फिल्म आर्काइव्ह’ ही संस्था उभी राहिली. मागे पडलेल्या चित्रपटांच्या प्रिंट ती जपते आणि त्यांचं डिजिटल रूप करते. आधी प्रेक्षक जमले, मग संग्रहालय झालं. आपण नेहमी उलट्या क्रमाने विचार करतो. डबे वातानुकूलित खोलीत ठेवले की वारसा सुरक्षित झाला असं समजतो, मग ते डबे कोणी मागायला येवो न येवो.

मराठीपुरतं बोलायचं तर ‘घाशीराम कोतवाल’चं उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारं आहे. तेंडुलकरांच्या नाटकावरचा हा चित्रपट १९७६ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून बनवला. दिग्दर्शनात मणि कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा हे चौघे, पटकथा तेंडुलकरांची, नाना फडणवीस मोहन आगाशे, आणि ओम पुरींची पडद्यावरची सुरुवात. नाटक लक्षात ठेवून जाणाऱ्याला चक्रावून टाकणारा असा तो चित्रपट आहे, सरळ कथा सांगत नाही, काळाच्या उड्या मारतो. तो इथे जवळजवळ हरवला. त्याची प्रिंट टिकली बर्लिनमधल्या ‘आर्सेनाल’ या संस्थेकडे, आणि तिच्यावरून डिजिटल प्रत होऊन तो २०१४ मध्ये पुन्हा दिसला. आर्सेनाल ही मुळात स्वतःचं छोटं चित्रपटगृह चालवणाऱ्या सिनेमावेड्यांची संस्था. दाखवण्यासाठी आणलेल्या प्रिंट साठत जाऊन तिचा संग्रह झालेला आहे. पेशव्यांच्या पुण्यावरचा सिनेमा जर्मनीत सापडतो याचं दुःख होतंच, पण त्यामागचं कारण साधं आहे: तिथे तो दाखवण्याजोगा वाटणारी एक खोली होती. कमल स्वरूप यांचाच ‘ओम दर-ब-दर’ १९८८ मध्ये तयार झाला आणि चित्रपटगृहांत लागायला २०१४ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं तो जिवंत ठेवला तो हातोहात फिरणाऱ्या प्रतींनी आणि त्या एकत्र बसून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळं आता घरबसल्या मिळतं. यूट्यूब आहे, ओटीटी आहे, मग खोली कशाला? आक्षेप पोकळ नाही. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये चित्रपटगृहांत जेमतेम चालला, लोकांनी तो नंतर घरी पाहिला, एकमेकांना सांगितला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. नारायण धारपांच्या भयकथेची सावली असलेल्या या कोकणातल्या सिनेमाला घरच्या पडद्याने तारलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण दोन गोष्टी बघा. एक तर घरी पाहिलेला सिनेमा लोकांना पुन्हा चारचौघांत पाहावासा वाटला, तिकीट काढून. दुसरं, ‘तुंबाड’मागे तो जिवापाड सांभाळणारा निर्माता होता आणि तो मोठ्या ओटीटीवर सतत उपलब्ध होता. ज्या सिनेमांचा निर्माता हयात नाही, कंपनी बंद पडली, प्रिंटचा पत्ता नाही, त्यांना हा रस्ता नाही. शिवाय ओटीटी आपल्याला जे आवडलं त्याच्यासारखंच पुढे करत जातं. आपल्याला काय आवडू शकेल हे अजून आपल्यालाच माहीत नसतं, आणि ते दाखवायला माणूस लागतो. लार्स निल्सनची ती खेळाआधीची पाच मिनिटं कोणत्याही यादीपेक्षा मोलाची होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फसलेले सिनेमे लावून लोकांना हसवणं ही कोणाच्यातरी कष्टांची टिंगल आहे, असं संवेदनशील माणसं म्हणतात. अशी टिंगल होते, यात शंका नाही. अमेरिकेत ‘द रूम’ या २००३ च्या चित्रपटाच्या खेळांना प्रेक्षक पडद्याकडे प्लॅस्टिकचे चमचे फेकतात, आणि त्यात काही वेळा नुसता धुडगूसच असतो. आपल्याकडे कांती शाह यांच्या १९९८ च्या ‘गुंडा’ची कीर्ती अभियांत्रिकीच्या वसतिगृहांतून पसरली. तिथल्या हशात विनोदाची खरी जाण होती तशी ‘असले सिनेमे कोण बघतं’ ही तुच्छताही होती. असले सिनेमे छोट्या गावांतल्या चित्रपटगृहांत पैसे मोजून आणि शिट्ट्या वाजवून बघणारा मोठा वर्ग होता, हे त्या हशात विसरलं जायचं. म्हणूनच मी खोलीत निवेदक हवा म्हणतो. हा सिनेमा किती पैशांत झाला, तेव्हा छायाचित्रणाचं सामान कुठून भाड्याने यायचं, किती दिवसांत उरकावं लागलं, हे कळल्यावर हसू थांबत नाही, पण त्याचा रोख बदलतो. किम यांचा सिनेमा बघून लोक हसले आणि त्याच रात्री टाळ्याही वाजवल्या. निंदेतून ते झालं नसतं. दर आठवड्याला येणारा प्रेक्षक हळूहळू जाणकार होतो. एकदाच येणारा चमचे फेकून जातो.

तिसरा आक्षेप दारूचा, आणि महाराष्ट्रात तो आधी यायचा. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत, बाटली आडवी करण्यासाठी बायांनी मतदान घडवून आणलेली गावं याच राज्यात आहेत. दारूला प्रतिष्ठा मिळावी म्हणून सिनेमा वापरला जात असेल तर मी त्याच्या विरोधातच उभा राहीन. पण परमिट रूम आजही आहेत, त्यांच्यात टीव्ही आहेत आणि आयपीएलच्या दिवसांत तो मोठ्या आवाजात चालू असतो. दोन तास पडद्याकडे बघत बसलेला माणूस नुसत्या पिण्यासाठी बसलेल्यापेक्षा जास्त पितो, असं मानायला काहीच आधार नाही. बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ ही वयाची अट कायद्यात आहेच, ती त्या रात्री अधिक काटेकोर पाळता येईल. बायकांना तिथे जावंसं वाटणार नाही, ही अडचण मात्र खरी आहे, आणि ‘येतील हळूहळू’ म्हणून ती उडवून लावता येणार नाही. जिथे वेगळा दरवाजा, उजेडाचा जिना, नीट स्वच्छतागृह नाही, तिथे हा खेळ करूच नये. ज्यांना परमिट रूमची पायरी चढायचीच नाही त्यांच्यासाठी हाच सिनेमा वाचनालयाच्या सभागृहात किंवा दुपारी ओस पडलेल्या एखाद्या उपाहारगृहात लागावा. माझा आग्रह रिकाम्या खोलीसाठी आणि ठरलेल्या वारासाठी आहे. बार त्यातला सगळ्यात सहज परवडणारा मार्ग आहे, इतकंच.

खरी अडचण कायद्याची आहे. १९५३ च्या मुंबई चित्रपटगृह नियमन कायद्यानुसार परवाना नसलेल्या जागी सिनेमाचा जाहीर खेळ करता येत नाही. नायट्रेटच्या रिळांना आग लागायची, चित्रपटगृहं जळायची, त्या काळच्या अनुभवातून असे कायदे आले आणि ते योग्यच होते. आज लॅपटॉप आणि भिंतीवर टांगलेला प्रोजेक्टर याच चौकटीत बसवायचा म्हणजे तीस खुर्च्यांच्या खोलीकडून मोठ्या चित्रपटगृहाची कागदपत्रं मागणं आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला परदेशी सिनेमा जाहीरपणे दाखवता येत नाही. फिल्म सोसायट्यांना सभासदांपुरती मिळालेली सवलत बाकीच्यांना नाही. परिणाम असा की ज्यांना नियम पाळायचे आहेत ते हात आखडतात आणि ज्यांना पर्वा नाही ते पेनड्राइव्हवरून काहीही लावतात, हक्कदाराला दमडी न देता. साठ खुर्च्यांपर्यंतच्या जागांसाठी राज्याने वेगळा, सोपा परवाना काढावा: बाहेर पडायचे दोन रस्ते, अग्निशमनाची तपासणी, प्रमाणपत्र असलेला चित्रपट आणि हक्कदाराची लेखी संमती. ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या पडलेल्या मराठी चित्रपटाचा हक्कदार शोधायचा म्हणजे कधी निर्मात्याच्या नातवाच्या दारात उभं राहावं लागतं. तो सापडला तर प्रत्येक खेळामागे ठरावीक रक्कम त्याला मिळावी. रक्कम छोटी असेल, पण जो सिनेमा विसरलाच गेलाय त्याच्या घरी पहिल्यांदाच काहीतरी पोचेल. हक्काच्या गोंधळाचा सिनेमावर किती परिणाम होतो पाहा. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव ऐनवेळी बदलताना हक्काची सूचना प्रिंटवरून गळाली आणि तो सर्वांना मोकळा झाला. कोणीही, कुठेही दाखवू लागलं आणि सिनेमा जगभर गेला, पण रोमेरो आणि त्याच्या साथीदारांना त्यातलं फारसं मिळालं नाही. मोकळीक हवी, पण ती निर्मात्याच्या खिशातून नको.

असा परवाना मिळाला तर पहिल्या वर्षी काय लावायचं, याची चिंता निदान पुणे, कोल्हापूर, मुंबईत पडू नये. महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’ तिथे येईलच. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू मोठ्या पडद्यावर न पाहिलेली पिढी आता कमावती झाली आहे. पण त्याच्या बरोबरीने, कोणी नावही घेत नाही असे चित्रपट निवडायला हवेत, आणि ते निवडायला मदत करू शकतील अशी माणसं आजही या शहरांत आहेत. बंद पडलेल्या एकपडदा चित्रपटगृहांचे ऑपरेटर, जत्रांमध्ये तंबू लावून सिनेमा दाखवणारे, हाताने पोस्टर रंगवलेले चित्रकार, एका दिवसात तीन सिनेमांचं डबिंग उरकणारे आवाज. कोणत्या सिनेमाला कोणत्या गावात लोकांनी खुर्च्या तोडल्या आणि कुठे नारळ फोडले, हे त्यांना पाठ आहे. खेळाआधीची पाच मिनिटं त्यांना द्यावीत, आणि त्या पाच मिनिटांचं मानधनही.